केशराचा कंद आणि करडईचे बी

गेल्या काही वर्षांत खानदेशातील शेतांमधून केशर पिकल्याच्या वार्ता मराठी वृत्तपत्रांत वेळोवेळी झळकल्या आहेत. नारिंगी-लाल फुलांनी भरलेले शेत, त्यात उभा असलेला तरुण शेतकरी, एकरी काही लाखांच्या उत्पन्नाचा अंदाज आणि ‘अमेरिकन केशर’ हे भारदस्त नाव, असा या वार्तांचा साधारण साचा असतो. कापसाच्या भावाने गांजलेल्या आणि केळीच्या बागेवर वादळ येऊन गेलेल्या शेतकऱ्याला अशा वार्तेची भुरळ पडावी यात नवल नाही. नव्या पिकाचा शोध घेणे हा दोष तर नव्हेच. जळगाव जिल्ह्यातील ऊतिसंवर्धित केळी आणि तिला दिलेले ठिबक सिंचन हे अशाच धाडसाचे फळ आहे. परंतु नव्या नावाखाली जुनेच पीक महागड्या बियाण्याने पेरले जात असेल, तर गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कार्यकर्त्याने तेथे मौन पाळणे योग्य नाही.

या बाबतीत एकच गोष्ट प्रथम ध्यानात घेतली तर पुढील बरीचशी फसगत टळते. खऱ्या केशराला बी येत नाही. जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगणे इतर कोणापेक्षाही सोपे आहे, कारण त्याच्या घरची केळी याच जातकुळीतली आहे. बसराई असो वा ग्रँड नैन, लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे ती वांझ असते आणि तिची लागवड मुनव्यांपासून अथवा प्रयोगशाळेतील रोपांपासून करावी लागते. केशराचेही तसेच आहे. त्याच्यातही गुणसूत्रांचे तीन संच आहेत, म्हणून फूल येते पण बी धरत नाही. माणसाने शतकानुशतके त्याचे कंद एका शेतातून उपटून दुसऱ्या शेतात लावले, म्हणूनच ते पीक टिकले. केळीचे बियाणे किलोवर विकायला आलेल्या माणसाला यावल-रावेरचा शेतकरी हसून वाटेला लावील. केशराचे बियाणे विकायला आलेल्या माणसालाही त्याच न्यायाने वाटेला लावावयास हवे.

मग त्या पाकिटात असते काय? पांढरे, टणक, चौकोनी कोनांचे, सूर्यफुलाच्या बियांहून लहान असे दाणे ज्याने एकदा पाहिले आहेत त्याला ते ओळखण्यास क्षणही लागत नाही. ती करडई आहे. रब्बी ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या शेताला जनावरांपासून राखण म्हणून जिच्या काटेरी ओळी बांधालगत पेरल्या जात, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी थंडीच्या दिवसांत ताटात येते आणि जिचे तेल घाण्यावर काढले जाई, तीच ही करडई. संस्कृतात तिला कुसुंभ म्हणतात, व तिच्या पाकळ्यांपासून कापडाला रंग देण्याची विद्या फार जुनी आहे. केशरात करडईच्या पाकळ्या मिसळण्याची लबाडीही तितकीच जुनी असून ती जगभर चालत आली आहे. ‘अमेरिकन केशर’ या नावात अमेरिकेचा संबंध कसाबसा असेल. केशराचा तर मुळीच नाही.

नावांच्या या गोंधळास भाषेनेही थोडा हातभार लावला आहे, हे कबूल केले पाहिजे. संस्कृतातील कुंकुम म्हणजे केशर. कल्हणाने राजतरंगिणीत काश्मीरच्या दुर्मीळ गोष्टींत त्याची गणना केली आहे. मराठीत मात्र त्याच शब्दापासून आलेले कुंकू हळदीपासून बनते. केशर हा आंबाही आहे आणि केशरी हा रंगही आहे. तेव्हा नाव ऐकून पीक ठरविणे धोक्याचे.

शेतात उभे पीक पाहून निर्णय करावयाचा असल्यास काही खुणा पुरेशा आहेत. करडईचे झाड मांडीपर्यंत वा कमरेपर्यंत वाढते, त्याला फांद्या फुटतात, बोंडाभोवती पानांचे आवरण असते आणि बोंडातून पिवळ्या-नारिंगी पाकळ्यांचा झुबका बाहेर येतो. केशराला खोड दिसतच नाही. त्याचे जांभळे, सहा पाकळ्यांचे फूल जमिनीतून सरळ वर येते व त्याची उंची वीतभरही क्वचितच असते. पाने गवताच्या पात्यांसारखी बारीक असतात. फुलाच्या मध्यभागी तीन पिवळे पुंकेसर आणि तीन गडद लाल तंतू असतात. हे तीन लाल तंतू म्हणजेच केशर. बाकीचे सारे फूल बाजारात बिनमोल. वाळलेला तंतू भिंगाखाली धरला तर त्याचे एक टोक कर्ण्यासारखे रुंदावलेले दिसते. करडईची पाकळी बारीक नळीसारखी असून तिच्या टोकाला पाच फाटे असतात. कोमट पाण्यात टाकल्यावर केशर सावकाश सोनेरी रंग सोडते आणि तंतू बराच वेळ लालच राहतो. प्रयोगशाळेत आयएसओ ३६३२ या मानकाप्रमाणे रंग, कडवटपणा आणि गंध देणारी द्रव्ये मोजून केशराची प्रत ठरविली जाते. त्या तपासणीत करडईची पाकळी केशर म्हणून टिकणे शक्य नाही.

ज्या शेतकऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले, ज्याच्या शेतावर आसपासच्या गावांतून माणसे पाहावयास आली, त्याला ‘ही करडई आहे’ असे सांगणे अवघड जाते, हे समजण्यासारखे आहे. तो बहुधा फसविणारा नसून फसलेला असतो. परंतु हंगाम संपल्यावर पाकळ्यांना केशराच्या भावाने गिऱ्हाईक मिळत नाही, तेव्हा लावलेला पैसा परत मिळविण्याचा एकच मार्ग त्याच्यासमोर उरतो, तो म्हणजे त्याच पिकाचे बी पुढच्या शेतकऱ्याला विकणे. या टप्प्यावर फसलेला माणूस नकळत फसविणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. कार्यकर्त्याने जे सांगावयाचे ते या टप्प्याच्या आधी सांगितले पाहिजे, आणि चारचौघांत न सांगता घरी बसून सांगितले तर ते अधिक पोहोचेल.

आता खऱ्या केशराकडे वळू. काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यातील पांपोर हे त्याचे मुख्य ठिकाण असून ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील ‘करेवा’ म्हणून ओळखली जाणारी उंचवट्याची जमीन पाण्याचा निचरा उत्तम करते. कंदांची लागवड ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होते, म्हणजे आपल्याकडील पोळ्याच्या आगेमागे. निवडक कंद किमान आठ-दहा ग्रॅम वजनाचा असावा लागतो, त्याहून लहान कंद त्या वर्षी फूल देईलच असे नाही. कंदांना बुरशीनाशकाची प्रक्रिया करून ते गादीवाफ्यांवर १० ते १५ सेंटिमीटर खोल, दोन ओळींत २० व दोन कंदांत १० सेंटिमीटर अंतर राखून लावतात. वाफ्यांच्या बाजूंनी चर काढलेले असतात. या अंतराने हेक्टरी सुमारे ५ लाख कंद बसतात, आणि प्रत्येकी १० ग्रॅम धरले तर त्यांचे वजन ५० क्विंटल भरते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, साधारणपणे आपल्या दिवाळीच्या सुमारास, फुले येतात. ती पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडावी लागतात आणि त्याच दिवशी तंतू वेगळे करून वाळवावे लागतात. एक किलो सुके केशर मिळविण्यास सुमारे दीड लाख फुले लागतात. एवढे करून हेक्टरी उत्पन्न दोन ते पाच किलोच्या घरात असते. तेव्हा ‘एकरी दहा-पंधरा किलो’ ही भाषा कानी आली की समोरच्याने पांपोरचे शेत पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

फुले खुडली म्हणजे पीक संपले असे येथे नसते, आणि याच ठिकाणी खानदेशाचा प्रश्न अडतो. फुलांबरोबर वा फुलांनंतर पाने वाढू लागतात. संपूर्ण हिवाळाभर, बर्फाखालीसुद्धा, ती तग धरतात आणि वसंतातील कोवळ्या उन्हात अन्न तयार करून जमिनीतील नव्या कंदांत साठवितात. जुना कंद आक्रसून जातो व त्याच्या माथ्यावर नवी पिल्ले पोसली जातात. एप्रिल-मे महिन्यांत पाने वाळतात आणि कंद निद्रिस्त होतो. ही निद्राही वरवरची असते. उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, तापमान साधारण २३ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर, कंदाच्या पोटात पुढच्या फुलाची कळी घडत असते. ती कळी बाहेर पडावयास मात्र तापमान १५ ते १७ अंशांपर्यंत उतरावे लागते. काश्मीरचा ऋतू हे सर्व क्रमाने घडवून आणतो: कोरडा व सौम्य उन्हाळा, शरदात झपाट्याने उतरणारा पारा, हिवाळ्यातील ओल आणि लांबलेला थंड वसंत.

खानदेशाचे पंचांग याच्या उलट चालते. श्रीनगरचा वार्षिक पाऊस व बर्फ मिळून साधारण ७०० मिलिमीटर होतात. जळगावचा पाऊसही त्याच्या फारसा दूर नाही. पण तेथील ओल मुख्यत्वे हिवाळ्यात व वसंतात येते आणि येथील सारी ओल जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळते. ज्या काळात कंद कोरड्यात निजावयास हवा, नेमक्या त्याच काळात तापीकाठची भारी काळी जमीन चिंब असते. अशा जमिनीत कंदकुज रोखणे औषधाने साधत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो, तेव्हा कळी घडण्याचा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबरात दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास राहते. रात्रीचा गारवा खऱ्या अर्थाने नोव्हेंबरात सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते खरी, केळीच्या बागायतदाराला ती चांगलीच ठाऊक आहे, पण फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते. म्हणजे पानांना अन्न साठविण्यासाठी काश्मीरमध्ये पाच-सहा महिने मिळतात, येथे जेमतेम अडीच.

यावर कोणी म्हणेल की, काश्मीरहून आणलेले कंद अमुक एका ठिकाणी फुलले, ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. ते खोटे नसेल. पण त्या फुलाची कळी काश्मीरच्या मातीत, काश्मीरच्या उन्हाळ्यात घडलेली होती. कंद ही भरलेली शिदोरी आहे. ती घेऊन आलेला प्रवासी पहिल्या मुक्कामी जेवला याचा अर्थ त्या गावी त्याला अन्न मिळाले असा होत नाही. खरी कसोटी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी लागते. खोदून काढलेले नवे कंद आठ ग्रॅमच्या वर भरले काय? त्यांची संख्या लावलेल्या कंदांहून अधिक झाली काय? पहिल्या वर्षीच्या फुलाचे छायाचित्र या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. प्रत्येक वर्षी कंद विकत आणावे लागणार असतील तर ती शेती न राहता कंदांचा व्यापार होतो, आणि त्यात नफा विकणाऱ्याचा असतो.

हाच विचार बंद खोलीतील केशराला लागू पडतो. पुण्यात जुन्या मालवाहू डब्यांत थंडावा राखून केशर फुलविल्याच्या वार्ता २०२२ च्या सुमारास आल्या, आणि तेव्हापासून खोली, वातानुकूलन यंत्र व लाकडी तबके यांच्या बळावर केशर घेण्याची शिकवणी देणारे वाढले आहेत. हे करडईसारखे थोतांड नाही. तापमान व आर्द्रता सांभाळली तर कंद मातीविना फुलतो, कारण फुलासाठी लागणारे सर्व त्याच्या पोटात असते. मात्र हिशेब मांडून पाहावा. एक क्विंटल कंदांत दहा ग्रॅमचे दहा हजार कंद बसतात. प्रत्येकाने सरासरी दोन फुले दिली तर वीस हजार फुले होतात आणि दीडशे फुलांना एक ग्रॅम या मानाने सुमारे १३३ ग्रॅम केशर मिळते. त्या रकमेतून कंदांची किंमत, वाहतूक, यंत्रांचा खर्च, विजेचे देयक आणि फुले खुडण्याची मजुरी वजा करावयाची. फुलोऱ्यानंतर त्या कंदांना पुन्हा थंड मातीत काही महिने वाढवावे लागते. काश्मीरमधील शेतकऱ्याला ते दाराबाहेरच साधते, धुळे-जळगावच्या शेतकऱ्याला नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे, वीज अखंड आहे व जो हे नुकसान सोसू शकतो, त्याने अवश्य करून पाहावे. शेत गहाण ठेवून हा प्रयोग करू नये. विजेचे भारनियमन ज्या गावच्या रोजच्या बोलण्यात आहे, तेथे तर मुळीच करू नये.

केशर त्याच्या स्वतःच्या घरीसुद्धा सुखात नाही, हेही सांगितले पाहिजे. काश्मीरमधील केशराचे क्षेत्र १९९६-९७ साली सुमारे ५,७०० हेक्टर होते, ते २००९-१० पर्यंत सुमारे ३,७०० हेक्टरांवर आले. शरदातील पाऊस चुकला की फुलोरा घटतो. म्हणून २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय केशर अभियानात चांगल्या कंदांबरोबर तुषार सिंचनाचीही तरतूद करावी लागली. २०२० साली काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी सिक्कीमच्या डोंगराळ भागात काश्मीरहून आणलेले कंद लावून पाहण्यात आले आणि ते फुलले. हिमाचल प्रदेशातही पालमपूरची संशोधन संस्था असे प्रयत्न करीत आहे. हे सर्व प्रदेश उंचीचे, थंड हवेचे आहेत, आणि तेथेही काम संशोधन संस्थांच्या हाताने, मोजमाप ठेवून चालले आहे.

ज्यांच्या घरात ‘अमेरिकन केशरा’चे पाकीट येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. ते बी टाकून देण्याचे कारण नाही. ते करडई म्हणून पेरावे व करडईच्याच अपेक्षेने पेरावे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, जमिनीत ओल असताना, ४५ सेंटिमीटर ओळींत व २० सेंटिमीटर रोपांत अंतर राखून पेरणी करावी. पेरणी लांबली तर मावा पिकाचा फडशा पाडतो, हे जुन्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. करडईचे मूळ खोल जाते, म्हणून भारी जमिनीतील साठलेल्या ओलीवर ती कोरडवाहू निभावते. बिनकाट्यांचे वाण हवे असल्यास फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढलेला नारी-६ हा आहे. त्याच्या पाकळ्या खुडणे सोपे जाते व वाळलेल्या पाकळ्यांना काढ्यासाठी, चहासाठी काही मागणीही असते. ती मागणी पाकळ्यांच्या भावाची असते, केशराच्या नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे झाले. वाणांविषयी अधिक माहिती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्रात मिळू शकते.

बियाणे विकत घेताना पक्की पावती घ्यावी, पाकिटावरील चिठ्ठी जपून ठेवावी आणि मूठभर बी न पेरता बाजूला काढावे. हे तीन पुरावे हाती असतील तर तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीपुढे आपले म्हणणे मांडता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक असून त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेला आहे. पाकळ्या परत विकत घेण्याचे आश्वासन तोंडी असेल तर ते दिलेच नाही असे समजून चालावे. पाल व ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रे, तसेच धुळ्याचे व नंदुरबारचे केंद्र, यांना पाकिटातील चार दाणे दाखविण्यास काही मोल पडत नाही. आणि ते पैसे देण्याआधी दाखवावेत.

राहता राहिले सातपुड्यातील तोरणमाळ. १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले व आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे हे पठार हजार मीटरांहून अधिक उंच असून तेथील हिवाळा खाली मैदानात पडतो त्याहून कडक असतो. सातपुड्याच्या या भागात अलीकडे स्ट्रॉबेरीची लागवड होऊ लागली आहे. तेथे केशराचे पाच-पंचवीस किलो कंद लावून पाहण्याची कल्पना निरर्थक नाही, पण ते काम विद्यापीठाने वा कृषी विज्ञान केंद्राने करावे, आदिवासी शेतकऱ्याच्या खिशातून ते होऊ नये. पावसाळ्यात कंद जमिनीबाहेर, हवेशीर व कोरड्या खोलीत, शक्यतो २५ अंशांच्या आसपास राखावे लागतील, कारण पठारावरचा पाऊस मैदानापेक्षा कमी नाही. लागवड सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर, उतारावरील निचऱ्याच्या जमिनीत करावी लागेल. लावताना प्रत्येक वाफ्यातील कंद मोजून व तोलून नोंद ठेवावी, पाने वाळल्यावर खोदून पुन्हा मोजावे व तोलावे, आणि अशी तीन वर्षे लागोपाठ नोंद झाल्यावाचून फुलाचे एकही छायाचित्र वर्तमानपत्राकडे पाठवू नये.